शेंबीपुरता दात उरला आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दातांविषयी वाचकांचे जे प्रश्न वृत्तपत्रांत छापून येतात, त्यांत तीन हमखास असतात: रूट कॅनाल दुखते का, किती बैठका लागतात आणि खर्च किती येतो. वर काय बांधायचे, आणि ते ज्यावर उभे राहणार तो दात पुरेसा उरला आहे का, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. ठणका थांबला की काम संपले, असाच समज आहे. मग दाढेत पांढरे कच्चे सिमेंट तसेच राहते, ‘कॅपचे दिवाळीनंतर बघू’ असा निरोप जातो, आणि कधीतरी फुटाणे खाताना दाढेची एक भिंत तुटून हातात येते. चीर उभी हिरडीखाली, मुळात उतरलेली असेल तर त्या दाढेचे पुढे काही करता येत नाही. मुळांतले काम कितीही सुबक झालेले असो, दाढ काढावी लागते.

आम्ही दोघे दंतवैद्य. एक मुळांच्या आतले काम करतो, दुसरा वरचे बांधकाम. हे पत्र या दोन कामांच्या सांध्याविषयी आहे, कारण बरेच दात तिथेच हातचे जातात.

२००४ साली अमेरिकेत दंतविम्याच्या नोंदींवरून रूट कॅनाल केलेल्या १४ लाखांहून अधिक दातांचा हिशेब मांडला गेला. आठ वर्षांनी त्यांतले ९७ टक्के दात तोंडात टिकून होते. तेव्हा उपचार म्हणून रूट कॅनालवर अविश्वास दाखवायचे कारण नाही. पण जे थोडे दात काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. २००२ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, कॅप नसलेले दात कॅप असलेल्या दातांच्या सहापट वेगाने गेले. अशा आकड्यांत एक मेख असते. ज्या दाताची आशाच नसते त्यावर कॅपचा खर्च कुणी करत नाही, त्यामुळे फरक थोडा फुगलेला दिसतो. ती सूट दिली तरी रोख बदलत नाही.

‘नस काढली की दात वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो’ हे वाक्य दवाखान्यांतही ऐकू येते. नस असलेल्या आणि नसलेल्या दातांतला ओलावा मोजून पाहिला, तेव्हा फरक नगण्य निघाला. दात कमकुवत होतो तो त्यातला माल गेल्यामुळे. १९८९ साली काढलेल्या दातांवर याची मोजणी झाली. रूट कॅनालसाठी माथ्यातून पाडलेल्या वाटेमुळे दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्क्यांनी उतरला. माथ्यावर भरणासाठी साधी खाच कोरली तर २० टक्क्यांनी. माथ्यासह पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू कोरल्या, तर तब्बल ६३ टक्क्यांनी.

एवढी तफावत का पडते, ते दाढेचा माथा पाहिला की कळते. शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन बाजूंना, पुढे आणि मागे, एकेक आडवा बांध असतो. गालाकडची आणि जिभेकडची भिंत या दोन बांधांनी एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. कीड बहुतेक वेळा दोन दातांमधल्या फटीत सुरू होते आणि पहिला घास याच बांधाचा घेते. बांध फुटला की दोन्ही भिंती सुट्या उभ्या फळ्यांसारख्या होतात. त्यात नसेची खोली उघडली की फळीची उंची आतून आणखी वाढते. समोरच्या दाढेचा उंचवटा चावताना मध्ये पाचरीसारखा घुसतो आणि फळ्या बाहेर रेटतो. हे रोज शेकडो वेळा होते. शिवाय नस गेलेल्या दाताची दाबाची जाणीव थोडी बोथट होते, असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे. भातात खडा लागला की जिवंत दात चटकन जबडा उघडायला लावतो. हा थोडा उशिरा सांगतो.

आता शीर्षकातल्या शेंबीकडे येतो. मुसळाच्या टोकाला किंवा पटाशीच्या लाकडी मुठीला लोखंडी कडे ठोकलेले असते. घाव बसताना लाकूड फाकू नये, एवढेच त्याचे काम. ही शेंबी मूळ लाकडाला बाहेरून आवळते म्हणून उपयोगी पडते. लाकूड झिजले म्हणून वर लुकण थापले आणि त्या लुकणावर कडे चढवले, तर खालचे लाकूड फाकायचे ते फाकणारच. कॅपचेही असेच आहे. तिची खालची कड हिरडीलगत मूळच्या निरोगी दाताला चहूबाजूंनी कवटाळते, तेव्हा दाढ फाकायची थांबते. त्यासाठी कॅप जिथे टेकणार त्या काठाच्या वर मूळचा दात दीड ते दोन मिलिमीटर उंच उरायला हवा, आणि कॅपसाठी घासून झाल्यावर ही भिंत निदान एक मिलिमीटर जाड असायला हवी. दोन मिलिमीटर म्हणजे शाळेच्या पट्टीवरची दोन बारीक घरे. भरलेले सिमेंट आणि कोअर, म्हणजे तुटलेल्या दाताच्या जागी कॅपखाली भरणाने उभारलेला गाभा, या मापात धरायचे नाहीत. शेंबी पूर्ण गोल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर जिथे जोर येतो त्या बाजूला तरी हवी. वरच्या पुढच्या दातांत ती बाजू टाळूकडची असते.

आपल्याकडे यात मिसरीची आणखी भर. भरड मिसरी वर्षानुवर्षे आडवी घासली की दात हिरडीलगत, मानेशीच खाचतो. म्हणजे शेंबी बसायची जागाच झिजते. असा दात वरून धडधाकट दिसतो, आणि घासायला घेतल्यावर एका बाजूला अर्धा मिलिमीटर भिंत शिल्लक निघते.

म्हणून आमचे म्हणणे असे की रूट कॅनालचा निर्णय एक्स-रे बघून होऊ नये. तो कीड काढल्यावर व्हावा. आधी सगळी कीड आणि जुने भरण काढायचे, हिरडीच्या पातळीला किती भिंत उरली ते खुणा असलेल्या बारीक सळईने चारही बाजूंना मोजायचे, आणि मग नसेकडे वळायचे की दात काढायचा, हे रुग्णासमोर ठरवायचे. फार तर पंधरा-वीस मिनिटांचे काम. ते टाळले की तीन बैठका आणि काही हजार रुपये खर्चून झाल्यावर ‘कॅप बसायला दातच नाही’ हे कळते.

एखादी बाजू हिरडीखाली गेलेली असेल, तर मुळात शिरण्याआधी ती भिंत काँपोझिटने, म्हणजे दिव्याने घट्ट होणाऱ्या दातरंगी भरणाने, उभी करून घ्यावी. तिचा उपयोग दुहेरी आहे. एक म्हणजे दाताला चिमटा लावून रबर डॅम ताणता येतो. १८६४ साली न्यूयॉर्कच्या सॅनफोर्ड बार्नम या दंतवैद्याने दाताभोवती रबराचा पडदा ताणून लाळ दूर ठेवली. दीडशे वर्षांनंतरही हा दोन-तीन मिनिटांचा पडदा लावायचा कंटाळा केला जातो, हे आमच्या व्यवसायाला शोभत नाही. दुसरे म्हणजे आतली खोली वाटीसारखी होते, त्यामुळे मुळांतल्या नलिका धुण्याचे जंतुनाशक, हायपोक्लोराइट, त्यात टिकते, घशात ओघळत नाही.

शेंबीसाठी दाताची उंची कमी पडत असेल तर ती मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, हिरडी आणि गरज पडल्यास थोडे हाड कमी करून दात उघडा करायचा. हाडाच्या कडेपासून कॅपच्या काठापर्यंत साधारण तीन मिलिमीटर अंतर सोडावे लागते, कारण हिरडीचा दाताला चिकटणारा पट्टाच सुमारे दोन मिलिमीटरचा असतो. कॅपची कड त्या पट्ट्यात खुपसली तर हिरडी कायम लाल आणि सुजलेली राहते, ब्रश लागताच रक्त येते, आणि रुग्ण ‘कॅप मानवली नाही’ म्हणतो. मागच्या दातांत अशा शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे थांबून अंतिम माप घ्यावे. दर्शनी दातांत त्याहून जास्त. खालच्या दाढेत हाड कमी करताना दोन मुळांमधला दुभाजक उघडा पडला, तर एक दुखणे घालवून दुसरे विकत घेतल्यासारखे होते. अशा वेळी हा मार्ग सोडावा. दुसरा मार्ग पुढच्या एकमुळी दातांसाठी. तारेच्या हलक्या ओढीने मूळ काही आठवड्यांत बाहेर सरकवायचे आणि तिथे पक्के होऊ द्यायचे. दोन्ही मार्ग बंद असतील तर दात काढण्याचा सल्ला प्रामाणिकपणे द्यावा. त्यात दंतवैद्याची हार नाही.

नलिका भरून झाल्यावर त्याच बैठकीत त्यांची तोंडे बंद करावीत, असा आमचा आग्रह आहे. १९९५ साली फिलाडेल्फियातल्या अभ्यासकांनी रूट कॅनाल झालेल्या १,०१० दातांचे एक्स-रे तपासले. मुळाच्या टोकाशी दुखणे उरले की नाही, याचा संबंध त्यांना नलिकेतल्या भरणापेक्षा वरच्या बांधकामाच्या दर्जाशी अधिक दिसला. पुढच्या अभ्यासांनी तोल सावरला. खालचे आणि वरचे दोन्ही चांगले हवे, एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही, असे आता मानतात. पण वरून लाळ झिरपते हे नक्की. गटापर्चाने, म्हणजे नलिकेत भरायच्या रबरासारख्या पदार्थाने, भरलेल्या नलिका वरून उघड्या ठेवल्या, तर जंतू काही आठवड्यांत टोकापर्यंत पोहोचतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. भरण असे दोन-तीन महिने उघडे पडले असेल तर कॅप बसवण्याआधी रूट कॅनाल पुन्हा करावे, हाच शहाणपणा.

कच्चे सिमेंट हा त्यावरचा इलाज नाही. ते निदान साडेतीन मिलिमीटर जाड असेल तर थोडे दिवस लाळ अडवते. व्यवहारात खाली कापसाचा जाड बोळा असतो आणि वर सिमेंटचा दीड मिलिमीटरचा पापुद्रा. चावताना बोळा दबतो, पापुद्रा कडेने सुटतो. वरून सगळे पांढरे आणि शाबूत दिसते, आणि बाजूने लाळ आत जात राहते. अशा सिमेंटवर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त भिस्त ठेवू नये.

बंद करायची पद्धत अशी. तापवलेल्या अवजाराने गटापर्चा नलिकेच्या तोंडापासून एक-दोन मिलिमीटर खाली तोडायचे. भिंतीला लागलेले सीलर, म्हणजे गटापर्चाभोवतीची लुकणासारखी पेस्ट, अल्कोहोलच्या बोळ्याने दोन-तीनदा पुसायचे. इथे घाई नडते, कारण सीलरचा पिवळट थर राहिला तर वरचे काँपोझिट त्याला चिकटते, दाताला नाही. सीलर किंवा कच्चे सिमेंट लवंगेच्या अर्काचे, म्हणजे युजेनॉलचे असेल, तर काँपोझिट नीट घट्ट होत नाही. मग भिंतीचा पृष्ठभाग ड्रिलच्या बारीक टोकाने (बरने) ताजा करून घ्यावा. हायपोक्लोराइटचीही तीच तक्रार. ते दातात प्राणवायू सोडून जाते आणि काँपोझिटची दाताशी पकड (बाँड) कमजोर पडते. म्हणून शेवटचे धुणे हायपोक्लोराइटने करू नये, त्यानंतर भरपूर पाणी वापरावे. मग नलिकांच्या तोंडांवर पातळ काँपोझिटचा एक-दोन मिलिमीटर थर द्यावा, शक्यतो दाताहून वेगळ्या रंगाचा. उद्या दुसऱ्या डॉक्टरला आत जायची वेळ आली तर तळ कुठे आणि नलिका कुठे, हे रंगावरून कळते. त्यावर कोअर. साधे काँपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरावे आणि प्रत्येक थराला दिव्याचा पूर्ण वेळ द्यावा. दाढेत खड्ड्याचा तळ दिव्याच्या टोकापासून सात-आठ मिलिमीटर दूर असतो आणि तिथे उजेड निम्म्यानेही पोहोचत नाही. तिथे आपोआपही घट्ट होणारे दुहेरी कोअर साहित्य बरे. एका दमात ढेकूळ भरून वरून दिवा मारला की वरचा भाग दगडासारखा होतो आणि तळ चिकट राहतो. वर्षभराने कॅप निघते तेव्हा तिच्या पोटात अख्खा कोअर अडकून आलेला असतो, खालून काळपट आणि कुजका वास मारणारा. रुग्ण म्हणतो, कॅप निघाली. कॅप आपल्या जागी घट्टच असते, सुटलेला असतो तो कोअर.

पोस्टविषयी, म्हणजे मुळाच्या नलिकेत बसवायच्या खुंटीविषयी, गैरसमज फार. ‘स्क्रू मारून दात मजबूत केला’ असे अभिमानाने सांगितले जाते. पोस्टने मूळ मजबूत होत नाही. तिच्यासाठी मूळ आतून कोरावे लागते, म्हणून ते उलट पातळ होते. पोस्टचे काम एकच, कोअरला धरायला काही उरले नसेल तेव्हा त्याला मुळात खुंटी देणे. दाढेत नसेची खोली ऐसपैस असते, कोअर तिथेच अडकतो, वाटल्यास नलिकांच्या तोंडांत दोन-तीन मिलिमीटर उतरवता येतो. त्यामुळे बहुतेक दाढांना पोस्ट लागतच नाही. एखादीला लागलीच तर खालच्या दाढेत मागचे मूळ आणि वरच्या दाढेत टाळूकडचे मूळ निवडावे, तीच मुळे जाड आणि सरळ असतात. खालच्या दाढेचे पुढचे मूळ दुभाजकाकडच्या बाजूने पन्हळीसारखे आत दबलेले असते. एक्स-रेत ही खोलगट जागा दिसत नाही, आणि ड्रिल तिथूनच बाहेर पडते.

पुढच्या दातांत आणि उपदाढांत, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधल्या दातांत, पोस्टची मापे पाळावीत. टोकाशी चार ते पाच मिलिमीटर गटापर्चा हलवायचे नाही, कारण खालचा बंदोबस्त तेच करते. पोस्टची लांबी निदान कॅपच्या उंचीएवढी. जाडी मुळाच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको. नलिकेत आट्यांनी पिळून बसणाऱ्या धातूच्या पोस्टबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: वापरू नये. प्रत्येक आटीपाशी मुळात ताण साठतो आणि मूळ उभे चिरते. फायबर पोस्टची लवचीकता दाताच्या जवळपास असते, स्टील दातापेक्षा दहापटीहून अधिक ताठ. फायबरचे अपयश बहुधा पोस्ट सुटण्याचे असते, ती पुन्हा बसवता येते. ताठ धातूचे अपयश मूळ चिरण्याचे असते. मात्र खाली शेंबीपुरता दातच नसेल तर फायबरही वाचवत नाही. कॅप डुलत राहते, सिमेंट फुटते, खाली कीड लागते.

मूळ चिरल्याची लक्षणे रुग्णालाही कळण्यासारखी आहेत. कॅप असलेल्या दातावर मधूनच चावताना कळ येते. हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते, आणि ती मुळाच्या टोकापाशी नसून बऱ्याचदा हिरडीच्या काठाकडे असते. तपासताना एकाच जागी सळई अरुंद फटीतून खोल उतरते, शेजारी सगळे नेहमीसारखे. अशा वेळी प्रतिजैविकांचे कोर्स देत राहणे म्हणजे रुग्णाचे पैसे आणि हाड दोन्ही घालवणे.

प्रत्येक दाताला कॅप हवीच, असे मात्र नाही. पुढच्या दाताला मार बसून नस गेली असेल आणि आतून पाडलेल्या भोकाशिवाय दात शाबूत असेल, तर नीट बाँड केलेले काँपोझिट पुरे. तिथे कॅपसाठी दात घासणे म्हणजे नुकसानच. तो दात काळवंडला असेल तर आतून ब्लीच करता येतो, फक्त त्याआधी गटापर्चावर दोन मिलिमीटरचा पक्का थर देऊन मानेशी रसायन झिरपणार नाही हे पाहावे. उपदाढ फसवी. आकार लहान, दोन टोकदार उंचवटे, मध्ये खोल दरी. वरची उपदाढ मधोमध उभी दुभंगते. एक जरी कडेचा बांध गेला असेल तर तिचे उंचवटे झाकावेत. दाढांचे तेच. झाकणे म्हणजे दर वेळी पूर्ण कॅपच, असे नाही. बाजूच्या भिंती चांगल्या असतील तर उंचवटे दीड-दोन मिलिमीटर उतरवून वरून ऑनले, म्हणजे फक्त माथा झाकणारे झाकण, बसवता येतो. शेंबीची चांगली भिंत त्यात घासली जात नाही.

कॅपच्या साहित्याची चर्चा दवाखान्यात सर्वांत जास्त वेळ चालते आणि खरे पाहता ती सर्वांत कमी महत्त्वाची. पूर्ण धातूची कॅप दाताचा सर्वांत कमी भाग मागते, माथ्यावर एक ते दीड मिलिमीटर. झिरकोनियाला (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकला) साधारण तेवढेच किंवा किंचित जास्त. धातूवर पोर्सिलेन चढवायचे तर दीड ते दोन मिलिमीटर, नाहीतर पोर्सिलेनचा टवका उडतो. मागच्या, न दिसणाऱ्या दाढेला आणि बेताच्या खिशाला धातूची कॅप आजही उत्तम. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र मिश्रधातू कोणता ते आधी विचारावे. झिरकोनियाबरोबर हल्ली वॉरंटी कार्ड मिळते, दहा-पंधरा वर्षांचे. ते जपून ठेवावे, पण ती वॉरंटी कॅपची असते, दाताची नव्हे. कॅपखालची दाताची भिंत कुजली तर कार्डासकट अखंड कॅप हातात येते.

कॅप बसवायच्या दिवशी पक्के सिमेंट लागण्याआधी चार गोष्टी तपासल्या जातात की नाही, ते रुग्णाने पाहायला हरकत नाही. कडेवर सळई फिरवताना ती अडकता कामा नये. दोन्ही बाजूंच्या फटीतून दोरा कटकन आत जावा आणि न फाटता बाहेर यावा. तो सुळकन गेला तर पोळीचे कण रोज तिथे अडकणार, फाटला तर कड बाहेर आलेली आहे. निळ्या कागदावर चावल्यावर कॅपवरच एक गडद ठिपका आणि शेजारच्या दातांवर काहीच नाही, असे असेल तर कॅप उंच आहे. ‘सवय होईल’ हे उत्तर मान्य करू नये. आणि बाजूच्या फटींत कड कशी बसली, ते पाहायला छोटा एक्स-रे घ्यावा. सिमेंट लावताना जागा कोरडी हवी, हिरडीखाली शिरलेले सिमेंट दोऱ्याने गाठ मारून ओढून काढायला हवे. तात्पुरत्या सिमेंटवर बसवून ‘बघा महिनाभर’ म्हटले असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तात्पुरते सिमेंट हळूहळू विरघळते, कॅप जागेवरच राहते, आत कीड पसरते, आणि नस नसल्याने दुखत काहीच नाही. म्हणून कॅप असलेल्या दाताचाही वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे हवा.

कॅप किती दिवसांत? दुखणे आणि सूज ओसरली असेल तर दोन ते चार आठवड्यांत. मुळाच्या टोकाशी हाड भरून आल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत थांबायचे कारण नाही, त्याला महिने लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत, चार महिन्यांनंतर कॅप बसवलेले दात काढावे लागण्याचे प्रमाण आधी बसवलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. थांबावेच लागत असेल तर पक्का कोअर करून घ्यावा, उंचवटे थोडे उतरवून घ्यावेत, किंवा ब्रेसेससाठी दाढेभोवती बसवतात तो स्टीलचा पट्टा सिमेंटने बसवून घ्यावा. हीसुद्धा एक तात्पुरती शेंबीच. खर्च थोडा, आणि दाढ फाकत नाही. तोवर त्या बाजूने सुपारी, चिक्की, उसाची कांडी नको.

पैशांचा मुद्दा टाळून चालणार नाही. नेहमीच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत दातांचे असे उपचार बसत नाहीत, खर्च पदरचाच असतो. तरीही दवाखान्यात भाव सांगितला जातो तो रूट कॅनालचा. कोअर वेगळा, पोस्ट वेगळी, कॅप वेगळी, आणि ते एकेक करून कळते. निम्म्यात पैसे संपले की कॅप राहते. पहिल्याच दिवशी मूळ, कोअर आणि कॅप मिळून एकच आकडा कागदावर मागावा. तो झेपत नसेल तर दाढेचे उंचवटे दोन-तीन मिलिमीटर उतरवून त्यांवरून काँपोझिट चढवणे हा कमी खर्चाचा, काही वर्षांचा मार्ग आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हेच काम खासगी दरांपेक्षा पुष्कळ कमी पैशांत होते. फेऱ्या जास्त होतात, एवढेच.

काम झाल्यावर एक चिठ्ठी मागून घ्यावी. दाताचा क्रमांक (उदाहरणार्थ, खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा ३६), किती नलिका भरल्या, भरल्याची तारीख आणि शेवटचा एक्स-रे, कोअर कशाचा, पोस्ट असल्यास कोणती, कॅप कोणत्या साहित्याची आणि कोणत्या सिमेंटने बसवली. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी पुढच्याला अंधारात कोरावे लागत नाही.

आपल्याला विनंती एवढीच. आरोग्याच्या सदरात रूट कॅनालचा प्रश्न पुन्हा येईल तेव्हा उत्तराच्या पहिल्या ओळीत वाचकाने डॉक्टरांना विचारायचा उलटप्रश्न छापावा: ‘कीड काढल्यावर हिरडीच्या वर किती मिलिमीटर दात उरतोय, ते मोजून सांगाल का?’

आपले,
दोन दंतवैद्य, सातारा